आईच्या कागदावरचा ‘फटीग’

आमची जमीन वरंधच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. मजूर लावायची ऐपत नव्हती. भाताची लावणी सावडीवर चालायची, म्हणजे आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. ज्या घरचं माणूस चुकलं त्याच्या शेतात कुणी उतरायचं नाही. म्हणून आमच्या घरात ‘दमलो’ असं कुणी म्हणतच नसे. फारच झालं तर महाडला जाऊन सलाईनची बाटली चढवायची आणि दुसऱ्या दिवशी चिखलात उभं राहायचं. सगळं गाव तेच करी.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आई अशीच बाटली चढवायला गेली. सोबत मी. डॉक्टर नवीन होते. त्यांनी तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, बाटली लावलीच नाही. रक्त तपासायला घेतलं, कधीपासून असं होतंय ते विचारलं आणि कागदावर लिहिलं, ‘फटीग, चार महिने’. इंग्रजी वाचणारी घरात मी पहिलीच. एसटीत आईने विचारलं, "काय लिवलंय गो?"

"थकवा."

"एवढंच? त्याला डाक्टर कशाला पायजे?" आई हसली.

घरी येऊन शब्दकोश उघडला. तिथेही थकवा, शीण. पण डॉक्टरांचा एक प्रश्न डोक्यातून जाईना. "झोपून उठल्यावर तरी बरं वाटतं का?" आईने मान डोलावली होती. खोटं होतं ते. सकाळी नुसती चूल पेटवतानाही तिला धाप लागायची. कामाचा शीण झोपेने जातो, हा जात नव्हता. डॉक्टरांनी दुखणं लिहिलं होतं आणि मी आईला थकवा सांगून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी सावड चुलतीच्या शेतात होती. रिपोर्ट यायला अजून एक दिवस. आई रांगेत मागे पडू लागली.

"वैनी, आज नवरीगत चालतेस गो!" चुलती ओरडली. बाया हसल्या, आईही हसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. ही आता तोंडावर चिखलात पडेल आणि बाया तशाच हसत राहतील, असं मला वाटलं.

"आई, बाहेर ये."

"लोकांच्या शेतात तमाशा करू नको."

"काकी, ती दमलेली नाय. आजारी हाय. तिच्या जागी मी लावते."

"कालेजवाली लावणार? रोपं उलटी खोचशील!"

"खोचली तर तू सरळ कर."

बोलले खरी, पण हातात पुरावा काहीच नव्हता. मी चुकले असते तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. बरोबर असते तर? तो विचार मी पुढे जाऊच दिला नाही. आई बांधावर बसली. मी रोपं लावत होते आणि दर ओळीला वळून तिच्याकडे बघत होते, बसलीय ना, पडली नाही ना.

रिपोर्ट आला. अंगात निम्मंही रक्त नव्हतं. त्याच दिवशी तिला भरती केलं, तीन पिशव्या रक्त चढवलं. पुढे कित्येक महिने गोळ्या चालल्या.

आमच्या वाट्याची सावड मी पुरी केली, आमचं शेतही लागलं. दोन वर्षांनी मी बी.ए. झाले. आई पूर्ण बरी झाली.