ज्वारी-तुरीचा कौल

माझ्या वडिलांना पेपरातली कूपनं कापायचा नाद होता. भुसावळला रेल्वेत नोकरी, जळगावहून रोजचं अप-डाऊन. गाडीत चार जणांच्या हातातून फिरून आलेला पेपर ते संध्याकाळी घरी आणत आणि चहा होईपर्यंत कात्री घेऊन बसत. कधी साबणाचं बक्षीस, कधी बादलीचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडच्या एका साप्ताहिकात असंच एक कूपन आलं. प्रश्न होता, मनुष्य कसा निर्माण झाला? पर्याय दोनच. देवाने घडवला, किंवा माकडापासून झाला. आलेल्या कूपनांतून चिठ्ठी काढून एका भाग्यवान वाचकाला भिंतीवरचं घड्याळ मिळणार होतं.

आमचं घड्याळ तेव्हा बंद पडलेलं होतं. वडिलांनी शेजारच्या घरांतून अंक मागून आणले आणि स्वतःचं, आईचं, गावी राहणाऱ्या आजीचं आणि माझं अशी सगळी कूपनं भरून पाठवली. सगळ्यांवर खूण एकाच ठिकाणी, देवाने घडवला. मला त्यांनी विचारलं नव्हतं. मी त्या वर्षी बीएस्सीच्या शेवटच्या वर्गात होते आणि माझा विषय प्राणिशास्त्र होता.

घड्याळ नशिराबादच्या कुणाला तरी गेलं. निकाल मात्र पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापून आला, खान्देशचा कौल देवाला. आम्ही सगळे त्या कौलात होतो.

एरवी ही गोष्ट आमच्या घरातल्या हसण्यावारी गेली असती. पण आमच्या मॅडमचं व्याख्यान त्यात अडकलं.

मॅडम आम्हाला उत्क्रांती शिकवायच्या. मूळच्या धुळ्याच्या, उंच, आवाज जरा घोगरा. शिकवताना खडूचा हात पदराला पुसायच्या, त्यामुळे दुपारपर्यंत त्यांच्या सुती साडीवर पांढरे पट्टे उमटलेले असत. घोड्याच्या पायाची बोटं कशी कमी होत गेली हे सांगताना त्या स्वतःची बोटं एकेक करून मिटत, आणि शेवटी मधलं एकच बोट टेबलावर टेकवून उभ्या राहत. वर्गात कुणी हसलं तर त्यांना आवडायचं. हिवाळ्यात आमच्या भागातल्या वाचनालयाची व्याख्यानमाला असे. त्या वर्षी तिथे त्या 'माणूस कुठून आला' या विषयावर बोलणार होत्या. तसे फलकही रंगवून झाले होते.

वाचनालयाचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी होते. सगळे त्यांना आबा म्हणत. वाचनालयावर त्यांचा फार जीव होता. निकालाचा अंक घेऊन ते स्वतः कॉलेजात आले. आम्ही तीन-चार मुली प्रयोगशाळेत बेडूक घेऊन बसलो होतो, त्यामुळे सगळं आमच्यासमोरच झालं.

"मॅडम, तुमच्या विद्वत्तेबद्दल प्रश्नच नाही," आबा म्हणाले. "पण लोकांचं मत हे असं आहे. उगाच कुणाची भावना दुखावेल. यंदा दुसरा विषय घेता का?"

मॅडमनी अंक हातात घेऊन सावकाश वाचला. मला वाटलं, आता चिडणार. त्या म्हणाल्या, "आबा, हे विचारलं कोणाला?"

"म्हणजे? लोकांना."

"कोणत्या लोकांना? ज्यांनी अंक विकत घेतला, ज्यांच्याकडे कात्री होती, आणि ज्यांना घड्याळ हवं होतं, त्यांनाच ना?"

मला राहवलं नाही. मी उभी राहून सांगून टाकलं, "मॅडम, माझ्या नावानंही एक कूपन गेलंय. वडिलांनी भरलं. देवाच्या बाजूनं."

मग मॅडम हसायला लागल्या, ते इतक्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आबाही हसले. हसता हसताच ते म्हणाले, "बरं, मग तुम्ही विचारून या. लोक तुमचं ऐकायला तयार आहेत असं दिसलं, तर व्याख्यान ठरल्याप्रमाणे."

मॅडम लगेच कबूल झाल्या. पुढचे काही रविवार त्या आम्हा चार मुलींना घेऊन हिंडल्या. एसटीचा खर्च त्यांचा, शेंगदाणेही त्यांचे.

नशिराबादला पहिल्याच घरी एक सून भांडी घासत होती. प्रश्न ऐकून ती म्हणाली, "मले काय इचारता? सासूबाईले इचारा." सासूनं ओसरीवरूनच उत्तर दिलं, देवानं घडवलं, अजून काय. सूनबाईंनी मान हलवली. आम्ही दोन्ही उत्तरं लिहायला लागलो तशा मॅडम हळूच म्हणाल्या, "एकच लिहा. दुसरं अजून मिळालेलं नाही." थोड्या वेळानं तीच सून पिठाच्या गिरणीवर भेटली. तिथे तिनं आपणहून मॅडमना विचारलं, "बाई, पोटातल्या बाळाले आधी शेपूट राहते म्हनतात, ते खरं का?" मॅडम तिच्याशी गिरणीच्या घरघरीत किती वेळ बोलत उभ्या होत्या. तिला मत विचारायचं त्या विसरल्या की मुद्दामच विचारलं नाही, ते मला कळलं नाही.

सावद्याला केळीच्या गाड्या भरल्या जात होत्या. एका झाडाखाली पांढऱ्या मिशांचे एक नाना घडांवर नजर ठेवून बसले होते. मॅडमनी त्यांना विचारलं, माणूस माकडापासून झाला असं मी म्हटलं तर तुम्हाला राग येईल का?

"राग कशाचा?" नाना म्हणाले. "मारोती आपला देव. त्याच्या खानदानीतले निघालो, तं वाईट काय हाय त्याच्यात?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. हे कुठल्या पर्यायात बसवायचं? मॅडमनी त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगितलं. परतताना एसटीत त्या खिडकीबाहेर बघत एकट्याच हसत होत्या.

असं सगळं गोळा झाल्यावर आम्ही मुलींनी बेरीज केली आणि उड्याच मारल्या. आमच्या हिशेबानं विज्ञानाचं पारडं जड झालं होतं. आता आबांना गप्प बसावं लागणार होतं. मॅडमच तेवढ्या खूश दिसेनात.

"आपण गेलो तिथे लोकांनी आधी काय विचारलं आठवतंय?" त्या म्हणाल्या. "तुम्ही कोण? आणि आपण काय सांगितलं? कॉलेजातून आलोय, विज्ञान शिकवतो. पाण्याचा तांब्या पुढे केल्यावर पाहुण्याला कुणी नाही म्हणतं का?"

आम्हाला ते पटेना. मग त्या मला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना भेटायचंय मला. त्यांचं मत तर आपल्याला छापील मिळालेलं आहे."

त्या संध्याकाळी आमच्या घरी आल्या. आईनं कांद्याची भजी केली. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. भुसावळच्या गाड्यांचं बोलणं झालं, माझ्या अभ्यासाचं झालं, आणि मग मॅडमनी सहज प्रश्न टाकला. वडील खुर्चीत सरसावून बसले. "माकडापासूनच की मॅडम. विज्ञानानं सिद्ध झालेलं खोटं कसं असेल?"

मी थक्क झाले. मॅडम गेल्यावर मी त्यांना गाठलं. "बाबा, कूपनात तर तुम्ही दुसरंच लिहिलं होतं."

"अगं, बाई आपल्या घरी आल्या होत्या," वडील म्हणाले. "तुला शिकवतात. त्यांच्या तोंडावर काय सांगू, तुमचं सगळं खोटं आहे म्हणून?"

"मग खरं काय वाटतं तुम्हाला?"

त्यांनी भज्यांची रिकामी ताटली उचलली. "मी कधी असा विचारच केला नाही गं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे मॅडमना सांगताना मला अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आमचे सगळे कागद नीट बांधून कपाटात ठेवून दिले. तिसऱ्या प्रहरी आम्हाला घेऊन त्या आबांच्या पेढीवर गेल्या. आबांनी विचारलं, "काय म्हणतायत लोक?"

"आकडे माझ्या बाजूनं आलेत," मॅडम म्हणाल्या, "पण ते तुम्हाला देणार नाही. तुमचा कौल घड्याळासाठी होता, माझा माझ्यासाठी झाला. लोकांना काय वाटतं ते मला सांगता येणार नाही, आबा."

आमच्यातली एक तर रडकुंडीला आली. इतके रविवार फिरलो, जिंकलो, आणि मॅडमनी एका वाक्यात सगळं सोडून दिलं! त्या वेळी मलाही तो वेडेपणा वाटला होता. पुढे आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, आपल्या सोयीचा आकडा हातात आल्यावर तो खाली ठेवणारं मात्र फार क्वचित कुणी दिसलं.

आबांनी पेढीवरच्या पोराला चहा सांगितला. मग म्हणाले, "दुसरं कुणी असतं तर आकडे तोंडावर फेकले असते. व्याख्यान होऊ द्या. पण शेवटी मी सभेला हात वर करायला सांगणार."

"सांगा," मॅडम म्हणाल्या. "फक्त त्यानंतर मलाही एकदा विचारू द्या."

व्याख्यानाला पटांगण भरलं होतं. वादामुळे गर्दी जास्तच झाली असावी. बायका सतरंजीवर पुढे, पुरुष मागे उभे. मॅडम तासभर बोलल्या. घोड्याचं बोट टेबलावर टेकवलं तेव्हा मागून टाळ्या आल्या. बोलणं संपल्यावर आबा उठले आणि त्यांनी ठरल्याप्रमाणे विचारलं. देवाने घडवला असं मानणाऱ्यांनी हात वर करा. जवळजवळ सगळे हात वर गेले. नको नको म्हणत शेजारच्याकडे बघून वर केलेले हातही मी पाहिले. दुसऱ्या बाजूला कॉलेजची काही मुलं आणि आम्ही.

मग मॅडमनी आम्हाला खूण केली. आम्ही परातीत ज्वारी आणि तूर घेऊन लोकांमधून फिरलो. प्रत्येकानं दोन्हीचा एकेक दाणा घ्यायचा. देवाने घडवला असं वाटत असेल तर ज्वारी, प्राण्यापासून होत आला असं वाटत असेल तर तूर. वाचनालयाच्या आतल्या खोलीत फडकं बांधलेलं मडकं होतं. एकेकानं आत जायचं, फडक्याच्या भोकातून दाणा टाकायचा आणि मागच्या दारानं बाहेर पडायचं. उरलेला दाणा खिशात ठेवा नाही तर चिमण्यांना टाका. कुणी बघणार नाही.

लोकांना गंमत वाटली. म्हातारी माणसं काठी टेकत आत गेली. माझे वडीलही रांगेत होते, त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

मडकं स्टेजवर परातीत ओतलं तेव्हा पुढच्या बायका उठून उभ्या राहिल्या. ज्वारी होती, आणि तूरही होती, हात वर झाले होते त्या मानानं खूपच जास्त. पण सगळ्यांना चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच होती. दारात आम्ही माणसं मोजली होती, दाणे त्यांच्यापेक्षा जास्त भरले. पुष्कळांनी दोन्ही दाणे टाकले होते.

"हे बाद धरायचं का?" आबांनी विचारलं.

मॅडमनी परातीत हात घातला. मूठभर मिसळलेलं धान्य तळव्यावर घेऊन त्या किती तरी वेळ बघत होत्या. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी वर्गात कधी पाहिला नव्हता. ध्वनिक्षेपक जवळ ओढून त्या म्हणाल्या, "बाद कशाला? उत्तर बरोबर आहे. माझा प्रश्न चुकला. मी तुम्हाला दोनांतलं एक निवडा म्हणाले. तुम्हाला निवडायचंच नव्हतं."

टाळ्या आबांनी सुरू केल्या.

पुढच्या अंकात त्या साप्ताहिकानं हात वर केल्याची बातमी दिली, मडक्याचा उल्लेखही नाही. मॅडमनी ती आम्हाला वाचून दाखवली आणि पुढचा धडा काढला.

नव्वदच्या दशकात मी पुण्याला गेले. निवडणुकांच्या आधी मतं विचारत फिरणाऱ्या एका संस्थेत काही वर्षं काम केलं. तिथे माझी बदनामी एकाच गोष्टीसाठी होती, उत्तर देताना उंबऱ्यावर कोण कोण उभं होतं ते मी लिहून आणायची. साहेब वैतागायचे.

मॅडम निवृत्त होऊन धुळ्याला परतल्या होत्या. एकदा सुटीत त्यांच्याकडे गेले. गुडघे दुखत होते, तरी गच्चीवर मोहल्ल्यातली पोरं जमवून त्यांना भिंग दाखवत होत्या. पोरं पांगल्यावर मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही कोणता दाणा टाकला?"

"मला कुणी रांगेत घेतलंच नाही गं," त्या म्हणाल्या. मग भिंग पदराला पुसत बोलल्या. "माणूस कसा झाला याबद्दल मला शंका नाही. पण आई गेल्यापासून तिची देवपूजा मी करते. रोज. का ते मला सांगता येत नाही, आणि सोडवतही नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात शेजारची बाई नासलेल्या दुधाचं पातेलं घेऊन जिना चढून आली. "बाई, बठ्ठं दूध नासी गयं! आते काय करू?"

"अगं, टाकू नको," म्हणत मॅडम गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि तिला घेऊन खाली स्वयंपाकघरात गेल्या. मीही त्यांच्या मागे गेले.