धर्माचा रकाना

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त झाल्यावर माणूस निवळतो म्हणतात. मी बाकी सगळ्या बाबतीत निवळलो, या एका बाबतीत नाही.

तेव्हा मी मोताळा तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तर त्यात लष्कराच्या एका युनिटकडून आलेला कागद निघाला. आमच्या हद्दीतला एक जवान रजा संपूनही हजर झाला नव्हता. त्याला ताब्यात घेऊन जवळच्या लष्करी ठाण्याच्या हवाली करावं, असं त्यात लिहिलं होतं. त्याची उंची, भुवईवरची जखमेची खूण, गावचा पत्ता, धर्म, सगळं दिलेलं. धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ होतं.

असे कागद ग्रामीण ठाण्यात अधूनमधून येतात आणि त्यांची वाट ठरलेली असते. बीट जमादार घरी जाऊन येतो, घरचे हात झटकतात, पोलीस पाटलाचा जबाब होतो आणि ‘मिळून आला नाही’ असं उत्तर जातं. खुनाच्या तपासापुढे हे काम कोणालाच मोठं वाटत नाही. मी मात्र कागदावरच्या तारखा मोजल्या. पोरगा गैरहजर होऊन एकोणीस दिवस झाले होते. तीस दिवस भरले की लष्करात चौकशी बसते आणि गैरहजर माणूस कागदोपत्री पळपुटा ठरतो. मग नोकरी जाते आणि नावही जातं. म्हणून जमादाराला घेऊन मी स्वतःच निघालो.

घर दोन खोल्यांचं, झाडून-पुसून लख्ख. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी, त्यांच्यापुढे ताजी फुलं. मी त्या तसबिरी पाहिल्या. खिशात ‘हिंदू’ लिहिलेला कागद होता, आणि तरी मला काही खटकलं नाही. पंचवीस वर्षं नोकरी झालेला अधिकारी मी, हे लिहिताना आज लाज वाटते.

त्याची आई दाराशी उभी राहून बोलली. “कुठे हाये तो, मले खरंच मालूम नाही साहेब. पण माह्या पोराले पळपुटा म्हणू नका. गावातले पोट्टे म्हणून राह्यले, तुम्ही तरी नका म्हणू.”

बाप खाली मान घालून बसला होता. त्याने एकच विचारलं, “बेड्या घालून न्याल काय त्याले?”

मी काहीतरी सरकारी उत्तर दिलं आणि परत आलो.

तिसऱ्या दिवशी त्याच गावातून ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. “तुमचा पळपुटा खामगावले जिनिंगवर गाठी उचलून राह्यला साहेब. बॉर्डर पाहून हवा टाइट झाली त्याची,” असं म्हणून तो हसला. खबर देणाऱ्यांचा मला दांडगा अनुभव आहे. जो मिटक्या मारत खबर देतो, त्याचा पत्ता बहुधा बरोबर असतो आणि कारण बहुधा चुकीचं. या पोराची निवड झाली तेव्हा याच गावाने त्याला हार घालून वेशीपर्यंत नाचत नेलं होतं. जिभा त्याच होत्या.

खामगावच्या ठाण्याला कळवून आम्ही भर दुपारी कापसाच्या त्या जिनिंग कारखान्यात गेलो. पोरगा केसांत सरकी आणि कापसाचे पुंजके घेऊन उभा होता. आम्हाला पाहिलं, हातातलं काम सोडलं आणि टाचा जुळवून ताठ झाला. पळायला मागे मोकळं आवार होतं. तो जागचा हलला नाही. “चला सर,” एवढंच म्हणाला. मी बेड्या काढूच दिल्या नाहीत.

ठाण्यात आणल्यावर जमादाराने आपल्या पद्धतीने सुरुवात केली. “काऊन पळाला बे? पगार खाताना गोड लागते अन् ड्यूटी कडू लागते काय?”

“गलती झाली,” पोरगा म्हणाला.

दर प्रश्नाला हेच उत्तर. गलती झाली, सजा द्या. गुन्हेगार इतक्या लवकर चूक कबूल करत नाही. तो आधी दहा जणांची नावं घेतो. झटपट कबुली देणाऱ्याला खरं कारण सांगायची शरम वाटत असते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. मी जमादाराला बाहेर पाठवलं, चहा मागवला आणि विचारलं, “रजेवर आलास तेव्हा पहिल्या दिवशी कुठं गेला होतास?”

“शाळेत, सर.”

“कशाला?”

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग जे निघालं ते असं.

त्याच्या युनिटमध्ये दर आठवड्याला मंदिरात हजेरी असे. तो जायचा, मागच्या रांगेत शांत उभा राहायचा. कोणाची तक्रार नव्हती. मग एक नवे सुभेदार आले. त्यांनी पाळीने एकेकाला आरतीचं ताट धरायला लावलं आणि याची पाळी आली.

“मी म्हटलं साहेब, मंदिर झाडतो, भांडे घासतो, बाहेर पहारा देतो. आरती नाही करत. आजोबांपुढे बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या हायेत मी. मी बौद्ध हाये.” तो बोलता बोलता थांबला. “त्यांनी माहं रेकॉर्ड काढलं. म्हणे, इथं तर हिंदू लिहेल हाये. काम टाळाले धर्म बदलतो काय?”

त्याला जादा ड्यूट्या लागल्या. बरोबरची पोरं चेष्टा करू लागली. सवलत घेताना एक धर्म आणि आरती चुकवताना दुसरा, असं कोणीतरी म्हणालं आणि ते वाक्य त्याला चिकटलं. त्याच छावणीत लडाखची काही पोरं होती. त्यांच्यासाठी बुद्धाचं वेगळं प्रार्थनाघर होतं, लामा होते. हा एका रविवारी त्यांच्याबरोबर निघाला, तर त्याला फाटकातून परत बोलावलं. रेकॉर्डप्रमाणे त्याची जागा मंदिरात होती.

“त्यांचा बुद्ध चालते सर,” तो म्हणाला, “माहा काऊन नाही चालत?”

मी त्याचा गार झालेला चहा बदलून मागवला.

त्याच्या युनिटचे कमांडर मात्र नेक माणूस असावेत. त्यांनी याचं ऐकून घेतलं. कागद आण, मी रेकॉर्ड दुरुस्त करतो, कागदाविरुद्ध मला जाता येत नाही, असं ते म्हणाले. तो कागद आणायला पोरगा रजेवर आला होता. शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू-महार’ होतं. आमच्या भागात बौद्ध घरांतल्या कितीतरी मुलांच्या दाखल्यावर तेच असतं. कुठे मास्तर जुन्या वहीवरून उतरवतात, कुठे जातीचा दाखला अडायला नको म्हणून बापच तसं लिहू देतो. घरी बुद्धवंदना आणि कागदावर हिंदू, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. शाळा म्हणाली, शाळा सोडल्यावर आम्हाला दुरुस्ती करता येत नाही, तहसिलीत जा. तहसील म्हणाली, आधी शाळेचं आणा. आज मिळेल, उद्या मिळेल करत रजा संपली.

“अरे पण वेळेवर जायचं, पुन्हा रजा घेऊन यायचं,” मी म्हणालो.

“खाली हात कसा जाऊ सर? कागद आणतो म्हणून सांगून आलो व्हतो. तसाच गेलो असतो त मी खोटाच ठरलो असतो.” घरी राहिलं तर बापाला तोंड दाखवावं लागेल, म्हणून तो जिनिंगवर राहिला आणि दर दोन दिवसांनी तहसिलीत खेटे घालत होता. पळून जाणारा माणूस सरकारी कचेरीच्या रांगेत उभा राहत नाही, एवढं तरी कोणाला सुचायला हवं होतं.

मी विचारलं, “पण लष्कराने हिंदू लिहिलं ते शाळेच्या दाखल्यावरून?”

पोरगा पहिल्यांदाच चाचरला. “सुभेदार साहेबांनी मले एक कागद दाखवला व्हता. चारित्र्य पडताळणीचा. त्याच्यावर… आपल्या ठाण्याचा शिक्का व्हता सर.”

मी जमादाराला बोलावून भरतीच्या पडताळणीची फाइल काढायला लावली. दोन वर्षांपूर्वीची, मी नुकताच त्या ठाण्यात बदलून आलो होतो तेव्हाची. ठाण्यात ठेवलेली स्थळप्रत सापडली. फाइलीतच राहिलेल्या अर्जावर पोराने स्वतःच्या हाताने, निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘धर्म : बौद्ध’. सोबत पोलीस पाटलाचा जबाब होता : ‘सदर इसम बौद्ध समाजाचा असून वर्तणूक चांगली आहे.’ आणि खाली आमच्या ठाण्याचा अहवाल. त्यात जमादाराच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘धर्म : हिंदू’. त्याखाली शिक्का आणि सही. सही माझी होती.

मी ते पान जमादारापुढे धरलं. तो वाईट माणूस नव्हता, लाचखाऊ तर नव्हताच. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं.

“दाखल्यावर व्हतं ते लिहिलं साहेब. सगळ्यांचं तसंच लिहितो. सैन्यात जाणाराले त्यानं फरक काय पडते?”

“फरक बाहेर बाकावर बसला आहे,” मी ओरडलो.  खरं म्हणजे मी स्वतःवरच ओरडत होतो. पोराने खरं लिहिलं, पाटलाने खरं सांगितलं, आणि ज्या खात्याने खरं-खोटं तपासायचं त्याने न वाचता खोटं लिहून वर शिक्का मारला. त्या दिवशी माझ्यापुढे सह्यांचा गठ्ठा होता असं मी स्वतःला सांगून पाहिलं. गठ्ठा रोजच असतो.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांकडे गेलो. सुधारित अहवाल पाठवायचा होता, त्यात ‘पूर्वीच्या अहवालातील धर्माची नोंद आमच्या ठाण्याच्या चुकीमुळे झाली आहे’ असं सरळ लिहायचं होतं. वरिष्ठांनी मसुदा वाचला, माझ्याकडून सगळी हकीकत ऐकली आणि हसले.

“स्वतःच्या हाताने स्वतःचा खुलासा ओढवून घेताय. लिपिकाची चूक म्हणा ना. आणि एवढ्याशा गोष्टीसाठी?”

“साहेब, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

“आरती केली असती तर काय बिघडलं असतं त्याचं?”

मी स्वतः हिंदू शेतकऱ्याच्या घरचा आहे. ठाण्याच्या गणपतीपुढे मी अनेक वर्षं आरती केली, आणि त्या वेळी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शिपायांपैकी कोणाला ती करायची नसेल, हा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. माझा धर्म कोणता, याचा पुरावा मला आयुष्यात कोणी मागितला नाही. वरिष्ठांचा तो प्रश्न ऐकून अंगाचा तिळपापड झाला, पण दोन वर्षांपूर्वी मीही तोच विचारला असता. मी फक्त म्हणालो, “साहेब, मसुदा आहे तसाच जाऊ द्या.” तो तसाच गेला.

जमादाराने आणखी एक सुचवलं. पोरगा ठाण्यात स्वतःहून हजर झाला अशी स्टेशन डायरीत नोंद करू, त्याचं भलं होईल. मला मोह झाला. पण एक खोटी नोंद निस्तरायला दुसरी खोटी नोंद करायची, तर मग शिकलो काय? ‘जिनिंगवर मिळून आला, प्रतिकार केला नाही, संपूर्ण सहकार्य केले’ असं लिहिलं. सुधारित अहवाल आणि पाटलाच्या जबाबाची प्रत लिफाफ्यात घालून, दोन शिपाई बरोबर देऊन, त्याला मलकापूरहून गाडीत बसवलं. त्याचा बाप फलाटावर आला होता. मुलाच्या मनगटांकडे पाहून त्याने मला हात जोडले, आणि मला ते हात फार जड झाले.

तीस दिवसांच्या आत तो पोहोचला. कमांडरांनी शब्द पाळला. पळपुटा ठरला नाही, नोकरी राहिली, रेकॉर्डवर ‘बौद्ध’ आलं. काही महिन्यांनी त्याचा फोन आला.

“आता रविवारी लडाखच्या पोरायसंगं जातो सर. त्यांची वंदना वेगळी हाये, पण चालते.”

“आणि शिक्षा?”

“गैरहजेरीची झाली. रेकॉर्डवर लाल शाईची नोंद लागली. नाईकचं प्रमोशन पुढे गेलं म्हणतात.” मग त्यानेच मला समजावलं, “बराबर हाये सर. उशीर त माहाच झाला.”

तो हे तक्रार म्हणून बोलला नाही, आणि तेच मला आजवर सहन झालेलं नाही. माझा खुलासा मागितला गेला. मला एक लेखी ताकीद मिळाली, आणि जमादाराला तेवढीही नाही. सुभेदारांना कोणी काही विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

त्यानंतर माझ्या नोकरीत एकाही पडताळणीवर मी न वाचता सही केली नाही, आणि धर्माचा रकाना माणसाला समोर बसवून त्याच्याच तोंडून भरून घेतला. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, आणि ते फार उशिरा शिकवलं. आपल्याला ज्याचा फरक पडत नाही, ते आपण दुसऱ्याच्या नावावर बिनदिक्कत लिहून टाकतो. मी पूर्ण पेन्शनवर, हारतुरे घेऊन निवृत्त झालो. चूक माझी होती आणि लाल शाई त्याच्या नावावर आहे.