फुग्या माशाचं बरोबर, चिऊचं चुकलं

मंडळी, दुपारी चिऊचा जनुकीय तपासणीचा रिपोर्ट घेऊन आलो. चिऊ माझी पाच वर्षांची मुलगी. चालताना सारखी पडते.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पाण्यात टम्म फुगणारा, विषारी फुगा मासा हा माझा आवडता विषय. त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, आपल्यापेक्षा कितीतरी लहान, पण जनुकं बरीचशी आपल्यासारखीच. दरवर्षी हे हौसेनं सांगतो.

आज कॅम्प भागातल्या डॉक्टरांनी रिपोर्टातल्या तक्त्यावर बोट ठेवलं, तर त्यात तोच मासा. माणूस, उंदीर, कोंबडी, फुगा मासा. स्नायूंच्या एका जनुकात एका ठरावीक जागी सगळ्यांचं डीएनएचं अक्षर एकच. चिऊचं तेवढं वेगळं.

"कोट्यवधी वर्षं न बदललेलं अक्षर बदललंय. आजाराचं कारण बहुतेक हेच. औषध नाही."

सोबत कंग्राळी गावाहून आलेली माझी आई होती. म्हणाली, "म्हंजे त्या माशाचंबी बरोबर हाय, आन् आमच्या पोरीचंच न्हाय व्हय रं?"

घरी चिऊनं माझ्या फोनवर माशाचा फोटो पाहिला आणि तसेच गाल फुगवायला लागली. हवा ओठांतून निसटत राहिली.

"आप्पा, मला का येत न्हाय?"

कुणाला उत्तर येत असेल तर सांगा. मलाही येत नाही.