गोदावरीबाईंनी दिलेला चार्ज

गोदावरीबाई निखाडे यांच्या घरातून शेजारणीनं वाटीभर साखर नेली, तरी ती कॅलेंडरच्या पाठीवर तारखेसकट लिहिलेली सापडे. लोकांना वाटे, बाई भारी चिकट. तसं मुळीच नव्हतं. परत आलेली साखर त्या मोजत नसत आणि विसरणाऱ्याला आठवणही करून देत नसत. पण लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, कारण त्या रेल्वेच्या माणूस होत्या.

नवरा पांडुरंगराव शंटिंगच्या अपघातात गेले तेव्हा गोदावरीबाई चौतीस वर्षांच्या होत्या. अनुकंपेवर त्यांना रायपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात खलाशाची, म्हणजे मदतनिसाची, नोकरी मिळाली. चौथी शिकलेली बाई; सुरुवातीला गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचताना घाम फुटायचा. पण वर्षभरात त्या अशा तयार झाल्या, की आंब्याच्या चाळीस पेट्यांपैकी एकोणचाळीसच आल्या तर त्यांना लांबूनच खटकायचं. तिथंच त्या चार्ज द्यायला शिकल्या. पाळी संपली की काय काय आहे याचा कागद करायचा, येणाऱ्याची सही घ्यायची आणि घरी जायचं. सही झाली की जबाबदारी उतरली. या एका नियमावर गोदावरीबाईंनी चौदा वर्षं नोकरी केली आणि हळूहळू सगळा संसारही त्यावरच बसवला. मुलीच्या, देवश्रीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याकडून झाऱ्या-पळ्यांची सही घेतली, तेव्हा व्याही क्षणभर धसकलेच. ही बाई पोरगीही सही घेऊनच पाठवते की काय!

पुरानी बस्तीतल्या दोन खोल्यांत त्या अठरा वर्षं भाड्यानं राहिल्या. नवरा-बायको राहायला आले तेव्हा तिथं वीज नव्हती. मालक म्हणाला, पाहिजे असेल तर तुमचं तुम्ही आणा. पांडुरंगरावांनी वीज ऑफिसात खेटे घालून मीटर आणलं, स्वतःच्या नावावर. त्या नावाचं बिल दर दोन महिन्यांनी येई. पांडुरंगराव गेल्यावरही ते त्यांच्याच नावानं येत राहिलं. नाव बदलून घ्या, असं कितीदा तरी लोकांनी सांगितलं. गोदावरीबाई हो म्हणायच्या आणि विसरायच्या. खरं तर विसरायच्या नाहीत. नवऱ्याच्या नावानं पोस्टमन किंवा बिलवाला दारात येतो, हे त्यांना आवडायचं.

मग रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. दीडेक वर्षात असं झालं की ज्या गल्लीत रिक्षावाला वळायला कुरकुरायचा, तिथं साहेब लोकांच्या गाड्या घर शोधत फिरू लागल्या. भाडी दुप्पट-तिप्पट झाली. जुन्या मालकाचा मुलगा भैय्यालाल आता घर बघत होता. माणूस वाईट नव्हता. पण एका साहेबाला दोन खोल्या आणि मागचं अंगण हवं होतं, म्हटल्यावर त्याची झोप उडाली. गोदावरीबाईंनी भांडण केलं नाही. फंडाच्या पैशांतून गुढियारीच्या पलीकडे त्यांचं स्वतःचं घर बांधून होतच आलं होतं. मार्चच्या शेवटच्या दिवशी त्यांनी हातगाडीवर सामान चढवलं आणि भैय्यालालपुढे कागद धरला.

त्यावर लिहिलं होतं: पंखा एक, बल्ब तीन, तोट्या दोन, त्यांतली एक गळकी. खाली, मीटर ७३१४.

"दीदी, आप भी ना," म्हणून भैय्यालाल खदखदून हसला आणि त्यानं सही ठोकली. गोदावरीबाई मोकळ्या झाल्या.

मोकळ्या झाल्या असं त्यांना वाटलं. मेच्या अखेरीस भैय्यालालच्या माणसानं पार्सल ऑफिसात एक पाकीट आणून दिलं. आत विजेचं बिल होतं, दोन महिन्यांचं, चारशे बारा युनिटांचं. गोदावरीबाईंचं सत्तरच्या वर कधी गेलं नव्हतं. आणि हे दोन महिने तर तिथं कुणी राहतच नव्हतं. बिलावर शिक्का होता, की पंधरा दिवसांत भरलं नाही तर नाव थकबाकीदारांच्या यादीत लागेल.

त्या संध्याकाळी देवश्री आली होती. तिनं बिल पाहिलं आणि पर्स उघडली. "आई, हज़ार-बारह सौ की बात है। मैं भर देती हूँ। इस उमर में क्यों चक्कर काटना?"

गोदावरीबाईंनी बिलावर बोट ठेवलं. रकमेवर नाही, नावावर. "पैशाची गोष्ट नाई हे, पोरी. कोनाचं नाव हाये पाह्य. तुह्या बाबानं पानवाल्याचे चार आने ठेवले नाई कधी. आन आता मेल्यावर त्यायनं चारशे युनिट जाळले? जे जाळलं नाई ते भरलं, तं ते जाळलं असंच होते."

देवश्रीनं पर्स बंद केली. आईचा हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गोदावरीबाई वीज ऑफिसात गेल्या. दाराशीच बोर्डावर थकबाकीदारांची टाईप केलेली यादी होती आणि रांगेतली माणसं वेळ घालवायला ती मोठ्यानं वाचत होती. "अरे, ये तो अपने पारा वाला है!" असं म्हणून कुणी तरी आपल्या मोहल्ल्यातल्या माणसाच्या नावावर हसलं. गोदावरीबाईंनी बिलावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. हे लोक असंच ते नाव वाचणार.

खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, "कनेक्शन कटवाने का आवेदन दिया था?"

गोदावरीबाईंनी मोठ्या विश्वासानं कागद पुढे केला. "अर्ज काहून पाह्यजे? मी चार्ज देला नं. हे पाहा, मालकाची सही."

बाबूनं कागद वाचला. गळक्या तोटीपाशी त्याला हसू आवरेना. त्यानं तो शेजारच्याला दाखवला, शेजारच्यानं पलीकडच्याला. मग तो बऱ्या आवाजात म्हणाला, "अम्मा, ये रेलवे नहीं है। हमारे यहाँ तो जिसका नाम, उसका बिल।"

चूक गोदावरीबाईंचीच होती, आणि ती त्यांच्या तिथल्या तिथं लक्षात आली. सही घेतली खरी, पण ज्याचं मीटर त्या ऑफिसाला एका अक्षरानं कळवलं नव्हतं. आयुष्यभर ज्या नियमानं चालल्या तो स्टेशनच्या फाटकाबाहेर चालत नाही, हे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी भर रांगेत कळणं सोपं नसतं. दुसरी एखादी रडली असती किंवा बाबूच्या अंगावर धावून गेली असती. गोदावरीबाईंनी कागदाची घडी घातली आणि त्या बाकावर बसल्या.

त्या दिवशी त्यांना कुणी बोलावलं नाही. एक दिवस सोडून त्यांनी पुन्हा रजा टाकली. प्रत्येक खिडकीवर त्या तेच एक वाक्य त्याच आवाजात बोलत होत्या: "मी घर सोडलं तवा मीटर त्र्याहत्तरशे चौदावर होतं, पुढचं आमचं नाई." ना आवाज चढला, ना डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या खेपेला त्यांचं वाक्य चपराशालाही पाठ झालं होतं. तोच त्यांना आत ज्युनिअर इंजिनिअरकडे घेऊन गेला.

इंजिनिअर तरुण होता. यशदीप खोब्रागडे. पाटीवरचं आडनाव वाचून गोदावरीबाईंना वाटलं, हा तरी मराठीत उत्तर देईल. तो ओशाळून म्हणाला, "समझता सब हूँ आंटी, बोलने में गड़बड़ हो जाती है।" त्यानं चार्जचा कागद नीट वाचला आणि तो हसला नाही. मग त्यानं एक सोपी वाट काढली. "मैं लिख देता हूँ कि मीटर तेज़ भाग रहा है। बिल रद्द हो जाएगा।"

खरं सांगायचं तर इथं कुणीही मान डोलावली असती. तीन रजा गेल्या होत्या, उन्हानं डोकं फुटत होतं.

"मीटर खराब नाई, साहेब," गोदावरीबाई म्हणाल्या. "अठरा वर्सं बरोबर चाललं ते. बिचाऱ्यावर खोटं काहून लिवाचं? तुमी येऊन पाहा."

यशदीपनं चार्जचा कागद परत त्यांच्या हातात दिला. मग त्यानं स्कूटरची किल्ली उचलली.

पुरानी बस्तीतलं ते घर अजून रिकामंच होतं. साहेब पुढच्या आठवड्यात येणार होते. भैय्यालालनं कुलूप उघडलं. सवयीनं गोदावरीबाईंनी उंबऱ्याशी चपला काढल्या, आत पाय टाकला आणि त्या घसरता घसरता वाचल्या. अठरा वर्षं त्यांनी पुसलेली ती खडबडीत फरशी नव्हती. दोन्ही खोल्यांत आणि मागच्या अंगणातही नवी चिप्सची, म्हणजे मोझॅकची फरशी, आरशासारखी घासलेली.

"फरशी घासाची मशीन लावली होती?" त्यांनी शांतपणे विचारलं.

भैय्यालालचा चेहरा उतरला. "घिसाई वाली थी दीदी... बीस-पच्चीस दिन। और रात को हैलोजन। मैंने सोचा, इतना क्या खाएगी।" त्याच्या डोक्यात खरंच आलं नव्हतं, की आलं होतं आणि त्यानं ते झटकून टाकलं होतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण यशदीपनं अर्ज पुढे केला तेव्हा त्यानं मुकाट्यानं सही केली: कनेक्शन एक एप्रिलपासून माझ्या नावावर घ्या, चारशे बारा युनिट माझे.

झालं होतं. गोदावरीबाई जिंकल्या होत्या. निघता निघता त्यांनी स्वयंपाकघरात एक नजर टाकली आणि त्या जागीच थांबल्या.

देव्हाऱ्याच्या कोनाड्यात झिरोचा बल्ब जळत होता. तो त्यांनीच सोडला होता. ज्या घरात आपण जेवलो ते अंधारात टाकून जायचं नाही, पुढचं माणूस येईपर्यंत तिथं उजेड ठेवायचा, ही त्यांच्या आईची रीत. आई कंदील ठेवायची. गोदावरीबाईंनी बल्ब ठेवला आणि कागदावर लिहिला नाही, कारण देवापुढचा दिवा सामानात कसा धरायचा? कामगारांनी तो विझवला नव्हता, भैय्यालालनंही नाही. देवाच्या जागचा दिवा कोण विझवणार!

"साहेब, थांबा," त्या म्हणाल्या. "तो बल्ब माह्यावाला हाये. कागदावर लिवला नाई मी."

यशदीप हसला. "आंटी, ज़ीरो बल्ब में क्या जाता है?"

"पंधरा वॅट जाते. देवश्रीच्या बाबानंच सांगतलं होतं मले. त्रेसष्ट दिवस, रात्रंदिवस जळला. करा हिशोब."

यशदीपनं कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार केला. तेवीस युनिट. भैय्यालालनं हात जोडले. "दीदी, शर्मिंदा मत करो। ये मैं भर दूँगा।"

"नाई भैया," गोदावरीबाई म्हणाल्या. "त्यायच्या नावावरचं दुसऱ्यानं भरलं, असं नाई पाह्यजे."

अशी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. जिंकल्यावर स्वतःहून आपला वाटा मोजून देणारी तर नाहीतच.

ऑफिसात परत येऊन यशदीपनं भैय्यालालच्या अर्जातून तेवीस युनिट वजा केले आणि गोदावरीबाईंनी त्यांचे पैसे भरले. पावती आली. नाम: पांडुरंग लहानू निखाडे. बकाया: कुछ नहीं। यशदीपनं मग तो जुना चार्जचा कागद मागून घेतला. भैय्यालालच्या सहीखाली त्यानं बराच वेळ लावून, वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'मीटरचा चार्ज मिळाला', आणि आपली सही केली. तसा कागद त्या ऑफिसात कुठल्याच फायलीला लागत नव्हता.

घरी आल्यावर गोदावरीबाईंनी पाय धुतले आणि पावती पांडुरंगरावांच्या फोटोपुढे ठेवली. चौदा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा त्यांना रडता आलं नव्हतं. रेल्वेचे कागद होते, सह्या होत्या, पोरगी लहान होती, आणि मग ते राहूनच गेलं.

"घ्या," त्या फोटोला म्हणाल्या. "देला तुमचा चार्ज. कोनाचंच काई नाई तुमच्याकडं."

आणि मग त्या रडल्या. खूप वेळ, मोठ्यानं, नव्या घरात.