सरांची माय घाटावर

लाज वाटते सांगायला. पण पोटात ठेवलं तर अन्न गोड लागत नाही, म्हणून सांगून टाकतो.

माझी आई सत्यभामाबाई. वय सत्तरीला टेकलेलं. पूर्णेकाठच्या एका लहानशा गावात तिचा उभा जन्म गेला. सासूशी वाजलं, मजुरी बुडाली, अगदी माझी धाकटी बहीण तापानं गेली तेव्हासुद्धा हिचे पाय घाटाकडेच वळायचे. धुणं असो नसो, पाण्यात पाय सोडून बसायची. परत यायची ती मोकळ्या चेहऱ्यानं. बाबा मला म्हणायचे, "आली बे तुही माय, आता भाकर भेटीन."

बाबा गेले आणि मी तिला वडनेर भोलजीला माझ्या घरी आणलं. मी इथल्या शाळेत मास्तर. पक्कं घर, बोअर, तीन नळ, कपडे धुवायचं मशीन. मोठ्या तोऱ्यात तिला एकेक नळ सोडून दाखवला. "चांगलं हाय बापा," म्हणाली. बस, एवढंच.

दसऱ्याआधी आमच्याकडे घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुतात. आईनं आमच्या तर घेतल्याच, गल्लीतल्या बायांच्याही मागून घेतल्या आणि मी शाळेत असताना ऑटोत टाकून निघाली. एकदा नाही, चारदा! पोटभर जेवायला लागली, रात्री चक्क घोरायला लागली. मला वाटलं, माझं घर मानवलं तिला. खरं काय ते स्टाफरूममध्ये कळलं. एकानं हसत विचारलं, "काय सर, आईले धुण्याच्या कामाले लावलं काय?"

माझं डोकंच सणकलं. घरी आलो आणि अंगणात, सगळी गल्ली ऐकत असताना ओरडलो, "मशीन काय पुजायला आणलंय? लोकांच्या गोधड्या धुतेस! माझ्या इज्जतीचं काय?" माझ्याही मनात एक जुनं सलत होतं. गावी आमच्या जातीच्या बायांना वरच्या घाटावर पाय ठेवू देत नसत. सगळ्यांनी वापरून खाली आलेलं पाणी आमचं. त्या खालच्या घाटावरून उठायला म्हणून मी शिकलो, आणि ही पुन्हा तिथंच जाऊन बसते?

आई खाली बघत म्हणाली, "मले तिथं बरं वाटते रे."

मंजुश्री, माझी बायको, आणि मी दोघंही नोकरीवर. दुसऱ्या दिवसापासून निघताना मी गेटाला कुलूप लावायला लागलो. मंजुश्री भांड भांड भांडली. मी ऐकलं नाही. हो, स्वतःच्या आईला कोंडलं मी, आणि वर पोरांना नागरिकशास्त्र शिकवायला गेलो.

महिन्याभरात आई वाळली. भाकर अर्ध्यावर आली, मग चतकोरावर. रात्र रात्र टक्क जागी, बीपी चढलेलं. नांदुऱ्याला दवाखान्यात नेलं तर रिपोर्ट सगळे चांगले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात एवढ्यात काही बदललं का?" मी नाही म्हणायच्या आत मंजुश्री म्हणाली, "हाव. गेटाले कुलूप लागलं." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तिथून उठून पळावंसं वाटलं मला.

रविवारी सकाळी दोन गोधड्या बांधल्या, आईला गाडीवर बसवलं आणि पूर्णेवर नेलं. ती पाण्यात उतरली आणि "बाप्पा!" म्हणून मोठा श्वास सोडला. मग हात चालू लागले, तोंडही. कोणती बाई कशी गाणी म्हणायची, वाहत्या साबणामागे मी कसा पळायचो, सगळं त्या खालच्या घाटाचंच! मला राहवेना. म्हटलं, "आई, पण किती अपमान होता तो."

"त्याइचं पाप त्याइच्यापाशी," ती गोधडी पिळत म्हणाली. "पाण्यानं मले कधी हटकलं नाही."

तेवढ्यात मागे मोटरसायकल थांबली. इंद्रभानभाऊ, आमच्या शाळा समितीतले. ते नांदुऱ्याला राहतात, आईला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. "काय सर, इकडं कुठं? अन् ह्या बाई कोण?"

मी तोंड उघडायच्या आत आईनं पदर पुढे ओढला. "सराइच्या घरी धुनं धुवाले हावो मी. गोधड्या जड होत्या, त आणून देल्या त्याइनं."

"मोठ्या मनाचे हो सर तुम्ही!"

माय आहे माझी, एवढंच म्हणायचं होतं. पण इंद्रभानभाऊंनी किक मारली, हात हलवला, आणि मीही हात हलवला.

गाडी वळणाआड गेली तसा आईनं पदर मागे सारला आणि माझ्याकडे बघून हसली.

"गेला पाह्य," म्हणाली. "आता नको भेऊ."