दाजींनी न दिलेली सही

गल्लीत कुजबुज होती की डॉक्टरांनी सख्ख्या मेहुण्याचा समुद्र अडवला, तो त्याच्याकडून बुद्धिबळात सलग सात डाव हरल्याच्या रागातून. सात डाव हरलेल्या माणसाचा नेम नाही, म्हणून लोकांनी ही बातमी तिखटमीठ लावून पुढे सरकवली.

मेहुणा भलताच हौशी. सहल अजून आठवड्यावर होती, पण हा पायांत पोहण्याचे रबरी पंख चढवून घरभर फटक फटक फिरत होता. कॉलेजातल्या लेकीला शब्द दिला होता, दोघं मिळून खोल पाण्यात उतरू. सहलवाल्यांच्या फॉर्मवर तेवढी सही हवी होती, की हा गडी बुडी मारायला लायक आहे.

दवाखाना उघडताच स्वारी रांग मोडून आत. "दाजी, सही ठोका. पेशंट घरचाच आहे."

स्वतः तपासलं तेवढ्यावरच शिक्का मारायचा, ही डॉक्टरांची रीत. त्यांनी रक्तदाब मोजला, नेहमीच्या गोळ्या लिहून दिल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं. "सहलीच्या ठिकाणी लागणारी खास लस माझ्याकडे नसते, सरकारी केंद्रात मिळेल. आणि बुडीची सही करतील पाणबुड्यांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई. त्यांना चिठ्ठी देतो."

चिठ्ठीत लिहिलं होतं: लहानपणी डावा कान वाहत असे, पडद्याला भोक होतं. मेहुण्याचं तोंड उतरलं.

"तेवढं कानाचं गाळा ना, दाजी! चाळीस वर्षं झाली त्याला."

"अरे, घरचा डॉक्टर म्हणून मला तेवढंच तर जास्त माहीत आहे. तेच गाळू?"

घरी बायकोने ताट आदळलं. "माझ्या भावासाठी एवढीशी सही जड झाली?"

"जड नाही गं. ती माझी नाहीच." आणि डॉक्टरांनी दोनदा वाढून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली, कानाला दाब मोजायचं यंत्र लावलं आणि फॉर्मवर सरळ फुली मारली. भोक बुजलं होतं, पण पडदा पातळ; खोल पाण्याचा दाब सोसला नसता. वरच्या वर खुशाल पोहा म्हणाल्या. मग लेक एकटीच खाली उतरली आणि बाप होडीत बसून तिचे बुडबुडे मोजत राहिला. परतल्यावर महिनाभर तो दाजींशी फुगून होता. तेवढं गल्लीला पुरलं.

सूडबिड काही नव्हता. पाणबुड्याचा कान तपासायला डॉक्टर शिकलेच नव्हते, म्हणून त्यांनी सही केली नाही.