टाचणीमास्तरांची चौथी अट

टाचणीमास्तरांना बोलताना फारसं कुणी ऐकलं नव्हतं. तोंडात कायम चार-पाच टाचण्या असायच्या. नाव त्यावरूनच पडलं. माझ्या खोलीखाली त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. एक मशीन, एक जड इस्त्री, एक उभा आरसा. संध्याकाळी आम्ही चहा प्यायचो, तेव्हा टाचण्या उशीत जायच्या आणि मास्तर माझी फिरकी घ्यायचे.

"साहित्यात पदवी घेतलीस. आता निदान माझा कागद तरी वाच."

तो कागद म्हणजे माफीचा हुकूम. एका भांडणात त्यांनी एकोणीस वर्षांच्या मुलाला जिन्यावरून ढकललं होतं. मुलगा गेला. चौदा वर्षांची शिक्षा झाली. पाच वर्षांनी माफी मिळाली, पण अटींवर. चौथी अट मी मोठ्यानं वाचली. मृताच्या घरच्यांना स्वतःहून भेटायचं नाही, पत्र लिहायचं नाही, त्यांच्याशी एक शब्दही बोलायचा नाही. अट मोडली तर माफी रद्द. उरलेली नऊ वर्षं पूर्ण भोगायची. बाहेर काढलेले दिवस त्यातून वजा होणार नाहीत.

"म्हणजे हे दिवस फुकट?"

"बोललात तर."

"मला काय वेड लागलंय बोलायला?"

मग त्या मुलाची आई दुकानात आली.

तिनं टेबलावर कापड ठेवलं. "माझ्या मुलाला शर्ट हवाय," म्हणाली. मापाची चिठ्ठी ठेवून निघून गेली. मास्तर पांढरेफटक पडले होते.

"परत देऊन टाका," मी म्हणालो.

"कसं देऊ? द्यायला बोलावं लागेल."

त्यांनी शर्ट शिवला आणि दाराबाहेरच्या खुंटीला लावला. ती येऊन घेऊन गेली. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा आली. चिठ्ठीत छाती एका इंचानं जास्त होती. "खांद्यात भरलाय तो," ती म्हणाली. मास्तरांनी मान खाली घालून शिवला. त्या रात्री मला झोप आली नाही. तिची जास्त भीती वाटत होती की मास्तरांची, सांगता येत नाही.

तिसऱ्या वर्षी मी तिथंच होतो. ती गेली नाही. बाकावर बसून राहिली. मास्तरांनी तिच्यासमोरच शर्ट पुरा केला. तिनं तो उचलून आपल्या डोक्याहून उंच धरला, जणू कुणाच्या तरी अंगाला लावून बघत होती.

"नीट बसेल ना रे? तो विचारतोय."

मी मास्तरांकडे बघून 'नको' म्हणून जोरजोरात मान हलवली. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. पाच होत्या. उशीत नीट खोचल्या.

"बसेल, माई. आत दोन बोटं कापड सोडलंय. वाढला तरी पुरेल."

तिनं शर्टाची घडी घातली. रस्ता ओलांडला. समोरच्या पोलीस चौकीत शिरली.

सुनावणी दहा मिनिटांत संपली. अधिकाऱ्यांनी मास्तरांना विचारलं, "अट ठाऊक होती?"

"होती. यानंच वाचून दाखवली होती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षं. एक दिवसही कमी नाही. ती शांतपणे उठली. "साहेब, मग आता ती न बोलायची अट राहिली नाही ना?"

"माफीच राहिली नाही, तर अट कुठली, आजी?"

ती हसली. तेव्हा कुठं मला कळलं, ती कशासाठी आली होती.

पहिल्या भेटीच्या दिवशी मी तुरुंगात गेलो. जाळीपलीकडे मास्तर, अलीकडे ती. माझ्याआधीच येऊन बसली होती. तिचा मुलगा जिन्यावर कसा उभा होता, शेवटचं काय म्हणाला, ती विचारत होती आणि मास्तर सांगत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मी बाकावर तिच्याशेजारी टेकलो.

"जरा सरक, बाळा," ती म्हणाली. "त्याला बसू दे."

मी सरकलो. आमच्यामध्ये बाक रिकामा होता. मास्तरांनी जाळीतून त्या जागेकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहायचे तसं.

"बाही अजून लांब करायला हवी, माई," ते म्हणाले.